मुळा-मुठेतले शिकारी

गूंच नावाचा मासा पोहायचा थांबला की तळाला जाऊन बसतो. रोहू-कटल्याच्या पोटात हवेची मोठी पिशवी असते, तिच्या जोरावर ते मधल्या पाण्यात निवांत राहू शकतात. गूंचची पिशवी नावापुरतीच. लहानशी, दोन भागांत वाटलेली आणि मणक्याला लागून असलेल्या हाडाच्या डबीत बंद. अंग उचलून धरायला तिचा काडीचा उपयोग नाही. ऐकायला तेवढी ती कामी येते, कारण तिथून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची साखळी गेलेली असते. ज्याचा सगळा जन्म खळाळत्या पाण्याखालच्या दगडगोट्यांत जायचा, त्याला तरंगून करायचंय काय? वर आला की प्रवाह त्याला घेऊनच जाणार.

बाकीचं शरीरही याच हिशेबानं घडलंय. डोकं वरून दाबून चपटं केलेलं, तोंड खालच्या अंगाला, डोळे बारीक आणि थेट माथ्यावर. छातीकडचे पर आडवे पसरलेले, त्यांची टोकं लांब दोऱ्यांत ओढली गेलेली. अंगावर खवला एकही नाही. आपली नखं ज्या केराटिनची असतात त्याच केराटिनचे बारीक, खरखरीत उंचवटे कातडीभर. पिवळट तपकिरी रंगावर पाठीवरून उतरलेले गडद पट्टे, त्यामुळे वरून बघणाऱ्याला दगड आणि दगडाची सावली यापलीकडे काही कळत नाही. असा हा प्राणी दोन मीटरपर्यंत वाढतो.

आणि त्याचा आपल्या दख्खनशी जुना कागदोपत्री संबंध आहे.

विल्यम हेन्री सायक्स हा मुंबई इलाख्याच्या लष्करातला अधिकारी. १८२४ पासून काही वर्षं तो सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडला. गावं, पिकं, माणसं, पाऊस, सगळं मोजायचं काम. माणूस मात्र हाडाचा हौशी. मोजता मोजता पक्षी बघितले, प्राणी बघितले, मासे बघितले. पुण्यातल्या पक्षीवाल्यांना सायक्स नवीन नाही, सासवडच्या माळांवर दिसणारा एक चंडोल त्याच्या नावानं ओळखला जातो. पण नदीच्या बाबतीत त्यानं केलेलं काम फारसं कुणी आठवत नाही. १८३९ साली लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या इतिवृत्तात त्याचा दख्खनच्या माशांवरचा निबंध छापून आला. त्यात गूंचचं वर्णन आहे. लंडनचे निसर्ग अभ्यासक विल्यम यारेल यांच्या नावावरून त्यानं त्याला ‘यारेली’ असं जातिनाम दिलं. गूंचच्या जाती नेमक्या किती आणि कुणाचं नाव खरं यावर पंडितांचं आजही एकमत नाही, तो वाद त्यांचा त्यांना लखलाभ.

त्याच निबंधात दुसरा एक मोठा शिकारी आहे, आणि त्याचा पत्ता तर अगदी घरचा: पुण्याजवळची मुळा-मुठा. सायक्स तिला ‘मोटा मोला’ लिहितो. हा मासा म्हणजे शिंगाळा. भोयांकडून ऐकलेली नावं सायक्सनं बऱ्याचदा जशीच्या तशी लॅटिनात ढकलली, म्हणून जगभरचे मत्स्यशास्त्रज्ञ आजही ‘सीनघाला’ म्हणतात. लहान चुलतभाऊ शिंगटी, तोही ‘सीनग्टी’ झाला. महसीर कुळातला आपला खडसही याच निबंधातून, मुळा-मुठेच्याच पत्त्यावर, ‘खुद्री’ नावानं जगापुढे गेला.

म्हणजे संगमापासून खाली जी नदी आपण नाक दाबून ओलांडतो, ती दोनशे वर्षांपूर्वी दीड मीटर लांबीपर्यंत वाढणाऱ्या शिकाऱ्यांची नदी होती. हे वाचल्यापासून बंडगार्डनच्या पुलावर सिग्नलला थांबलो की माझी नजर कठड्यापलीकडे जातेच.

गूंचबद्दल आपल्याकडे जी काही प्रसिद्धी झाली ती नरभक्षक म्हणून. भारत-नेपाळ सीमेवरच्या काली नदीत माणसं पाण्याखाली ओढली गेल्याच्या बातम्या होत्या. पुढे एका ब्रिटिश गळवाल्यानं तिथून सहा फुटांच्या घरातला, ७५ किलोच्या आसपासचा गूंच बाहेर काढला आणि टीव्हीवर गाजवला. नदीकाठच्या चितांमधून अर्धवट जळलेली प्रेतं पाण्यात जातात, त्यांची चव माशांना लागली, अशी उपपत्तीही आली. गोष्ट म्हणून झकास आहे. मला ती पटत नाही, आणि त्याचं कारण त्या माशाच्या तोंडातच आहे.

गूंचचे दात भरपूर आणि तीक्ष्ण असतात, पण ते लचका तोडायचे दात नव्हेत. तोंडात आलेलं बाहेर निसटू नये यासाठी ते आहेत. हा मासा दगडाच्या आडोशाला पडून राहतो. भक्ष्य टप्प्यात आलं की जबडा आणि कल्ल्यांची झाकणं एकदम फाकवतो, आतली पोकळी क्षणात वाढते आणि पाण्याबरोबर समोरचा मासा आत खेचला जातो. मग तोंड मिटायचं, पाणी कल्ल्यांतून सोडून द्यायचं आणि भक्ष्य अख्खं गिळायचं. चावून खाणं नाही, तुकडे करणं नाही. जे घशातून जाईल तेच अन्न: मासे, बेडूक, खेकडे, झिंगे, पाणकिडे. धडधाकट माणूस या हिशेबात बसत नाही. नदीतल्या भोवऱ्यात आणि थंड पाण्यात माणसं बुडायला राक्षस लागत नाही, हे मावळात पावसाळी सहलींच्या बातम्या वाचणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

शिंगाळा मी पाहिला तो मात्र नदीत नव्हे, गणेश पेठेतल्या मासळी बाजारात, बर्फावर. उजनीचा माल होता. हाताच्या पंजापासून खांद्यापर्यंत भरेल एवढा लांब, अंग रुपेरी करडं, पाठ जरा गडद. पुढचं डोकं फावड्यासारखं चपटं आणि पसरट. वरच्या जबड्यापासून निघालेल्या दोन मिशा मागे पाठीच्या परापर्यंत पोचलेल्या, बाकीच्या सहा आखूड. शेपटीच्या अलीकडे पाठीवर चरबीचा एक मऊ पर असतो, त्यात काटे नसतात. त्याच्या मागच्या टोकाला काळा ठिपका. बोट ठेवून बघितलं तर पुसला जात नाही. शिंगाळा ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण.

“मावशी, हे आधी का मोडताय?” मी विचारलं. कोयतीवर घेण्याआधी त्यांनी छातीच्या परातला काटा फडक्यात धरून मुळापासून पिरगळला होता.

“मेला तरी उभाच राहतो ना हा दादा. हाताला लागला की दोन दिस ठणकतो.”

हे अगदी खरं आहे. पाठीच्या आणि छातीच्या परातला पहिला काटा मुळाशी सांध्यात अडकवून ताठ उभा ठेवायची सोय या माशांत असते. एकदा अडकला की स्नायूंचा जोर लागत नाही, म्हणून मेल्यावरही तो आडवा होत नाही. गिळायला आलेल्याच्या घशात हा अडसर. मावशींनी पुढे वजन करता करता स्वतःहून सांगितलं, “मधला काटा सोडला तर यात काय नसतं बघा. लहान पोरांना पण देता येतो.” म्हणूनच भाव रोहूच्या वर.

मिशांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण शिकाऱ्याचं अर्धं काम त्या करतात. शिंगाळा मुख्यतः गढूळ पाण्यात आणि अंधारात फिरतो. तिथं डोळ्यांचा भरवसा कमी. मिशांवर चवीच्या कळ्या असतात, जिभेवर असतात तशाच. मिशा तळावरून फिरवल्या की इथं काय पडलंय, कोण दडलंय हे चवीनं कळतं. माशाच्या स्नायूंच्या हालचालीतून पाण्यात अगदी क्षीण वीज उमटते, तीही या कुळातल्या माशांना कातडीतल्या सूक्ष्म खड्ड्यांतून जाणवते. वर पोटातल्या पिशवीमार्गे ऐकू येणारे आवाज. एवढं सगळं असताना चिखलात दबा धरून बसलेल्या झिंग्याला लपायला जागा ती कुठली?

आणि हाच शिकारी पिल्लांच्या बाबतीत कमालीचा घरंदाज. शिंगाळा अंडी वाऱ्यावर सोडून देत नाही. उन्हाळा संपता संपता, पाऊस धरायच्या सुमारास, तो नदीच्या मऊ तळात किंवा काठालगत गोल खड्डा करतो, त्यात अंडी घालतो आणि पिल्लं हिंडाफिरायला लागेपर्यंत खड्ड्याची राखण होते. रोहू-कटल्याच्या मादीची लाखो अंडी पुराच्या पाण्यात मोकळी सुटतात, जगली तर जगली. शिंगाळ्याचा डाव थोडक्यांवर आहे. त्यामुळे त्याला दोन गोष्टी लागतात: खणता येईल असा वाळूमातीचा तळ, आणि राखणीच्या दिवसांत फार वरखाली न होणारं पाणी. भीमेच्या पात्रातून रात्री-अपरात्री जी वाळू ट्रकांतून जाते, तिच्याबरोबर हे खड्डेही जातात. धरणाचं पाणी शेतीसाठी झपाट्यानं उतरवलं की काठालगतची घरटी उघडी पडतात.

गूंचच्या गरजा याहून कडक. त्याला वाहतं पाणी हवं, तेही जोरात. खडकावर आपटून फेसाळणाऱ्या पाण्यात हवा मिसळत राहते. वीस अंश तापमानाला एका लिटर पाण्यात जेमतेम नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तीस अंशाला साडेसातच्या आसपास. म्हणजे पुण्याच्या एप्रिलमध्ये मुळातच कमी. त्यात मैलापाणी आलं की ते कुजवणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतात. शिवाय गूंचला कपारी हव्यात, दगडांमधल्या मोकळ्या जागा हव्यात. गाळानं त्या बुजल्या की तळ सपाट झाला, मग दबा कशाआड धरणार? वर त्याचं विणीचं चक्र पुराशी बांधलेलं आहे. पुराच्या आधी हे मासे हलतात, जागा बदलतात. नदी अखंड असेल तर हलतील.

मोठा शिकारी ही नदीची चैन असते. ढोबळ हिशेब असा की अन्नसाखळीच्या एका पायरीवरून वरच्या पायरीवर जेमतेम दहावा हिस्सा पोचतो. किलोभर शिंगाळ्यामागे दहा किलो लहान मासे, त्यांच्यामागे क्विंटलभर किडे-झिंगे, त्यांच्यामागे शेवाळ-पाला किती ते तुम्हीच काढा. वरचा एक मासा बघून खालचं सगळं ठाकठीक असल्याची खात्री पटते, पण खालची एक ओळ विस्कटली की पहिला जातो तो वरचा. म्हणून मला सायक्सचा निबंध माशांची यादी म्हणून वाचताच येत नाही. १८३० च्या सुमाराला मुळा-मुठेला पाणी किती, खडक किती, वाळू कशी, याची ती नोंदच आहे.

पुढचं पुणेकरांना माहीतच आहे, त्यामुळे भरभर सांगतो. १८७९ मध्ये मुठेवर खडकवासला बांधून झालं. पुढे पानशेत, वरसगाव, टेमघर. मुळेवर मुळशी, जिथलं पाणी घाटाखाली भिऱ्याला वीज करून कोकणात उतरतं आणि या नदीला पुन्हा भेटत नाही. सेनापती बापटांचा सत्याग्रह माणसांच्या जमिनींसाठी होता. नदीचं पाणी दिशा बदलतंय याची खंत त्या काळी कुणाला असण्याचं कारण नव्हतं. धरणं भरली की विसर्ग सुटतो, भिडे पूल पाण्याखाली जातो, आपण मोबाइल काढून व्हिडिओ करतो. विसर्ग थांबला की शहरातून वाहतं ते बहुतांशी आपलंच वापरलेलं पाणी.

माशांच्या याद्या तेवढ्या होत राहिल्या. १९४२ मध्ये पुण्याच्या माशांवर पुन्हा लिहिलं गेलं, १९६३ मध्ये पुन्हा, २००३ मध्ये पुन्हा. त्या याद्या शेजारी ठेवून बघाव्यात. सायक्सच्या काळची नावं गळत जातात आणि नवी नावं येतात, ती बाहेरून आणलेल्यांची. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आणलेले गप्पी आणि गॅम्बुशिया. १९५२ मध्ये देशात आणलेली आफ्रिकेतली तिलापिया, जिला भिगवणच्या बाजारात सगळे चिलापी म्हणतात. कमी प्राणवायूत तग धरणारे, काहीही खाणारे, भराभर वाढणारे.

लोणी काळभोरजवळ कवडीपाटला हिवाळ्यात पक्षी बघायला जाणाऱ्यांना हा फरक डोळ्यांनी दिसतो, फक्त त्यांच्या दुर्बिणी वरच्या बाजूला असतात. तिथं जुना बंधारा आहे. पाणी त्यावरून खडकांत पडतं. खरं म्हणजे अगदी गूंचची जागा: उतार, खडक, खळाळ. पण पडणाऱ्या पाण्याला साबणाचा फेस येतो, वारा सुटला की फेसाचे गोळे काठावर उडतात आणि गवतावर तपकिरी डाग ठेवून विरतात. प्लास्टिक फांद्यांना लटकलेलं. मी तिथल्या एका खडकावर पालथा पडून पाण्यात पाहत होतो. बोटाएवढे मासे वर येऊन पृष्ठभागाला तोंड लावत होते. पाण्याचा अगदी वरचा पापुद्रा हवेला टेकलेला असतो, प्राणवायू उरलाच तर तिथं. एक छोटा पाणकावळा बुडी मारून तळहाताएवढी चिलापी घेऊन वर आला, दोनदा उडवून डोक्याकडून गिळली. शेजारच्या दोन कॅमेऱ्यांचा खडखडाट झाला. पाणकावळ्याला कल्ले नसल्यामुळे त्याचं इथं छान चाललंय.

शिकारी संपले असं मात्र म्हणता येत नाही. जागा रिकामी राहिली नाही.

खाली भीमेवर, १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनीच्या पाणलोटाकडे, गेल्या काही वर्षांत वेगळ्याच शिकाऱ्याच्या बातम्या येतात. आफ्रिकन मांगूर. दौंड-इंदापूरकडच्या तळ्यांवर छापे, टनांनी मासे काढून खड्ड्यात पुरले, वगैरे. केंद्रानं २००० मध्ये त्याच्या पालनावर बंदी घातली, राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब केलं, तरी चोरून चालतंच. आपला देशी मागूर वेगळा, तो लहान, सुस्त आणि बिचारा आता दुर्मीळ. हा आफ्रिकन दीड मीटरवर जातो. गूंच आणि शिंगाळ्याच्याच मोठ्या गोतावळ्यातला: मिशा आहेत, खवले नाहीत, तोंड मोठं, खादाडपणा त्याहून मोठा. लहानपणी तर भावंडंही खातो. कोंबड्यांच्या दुकानातली घाण टाकली तरी वाढतो, हाच त्याचा धंद्यातला गुण.

पण त्याच्यात एक गोष्ट आहे जी गूंचकडे नाही. कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत झाडाच्या फांद्यांप्रमाणे फुटलेलं एक इंद्रिय असतं, रक्तवाहिन्यांनी भरलेलं. मांगूर वर येतो, तोंडानं हवा घेतो आणि या इंद्रियातून थेट हवेतला प्राणवायू वापरतो. पाण्यात प्राणवायू असो नसो. डबकं आटलं तर रात्रीच्या ओलाव्यात जमिनीवरून सरपटत दुसरं गाठतो. जुन्या शिकाऱ्याला जे पाणी हवं होतं ते आपण ठेवलं नाही, आणि ज्याला पाणी कसलंही चालतं तो शिकारी आपण पैसे मोजून आणला. लोक मांगुराला राक्षस म्हणतात, व्हॉट्सॲपवर त्याचे भयंकर फोटो फिरतात. त्याला कसली नावं ठेवायची? त्यानं नदीची परीक्षा दिली आणि पास झाला.

हे सगळं मी एका मित्राला कट्ट्यावर सांगत होतो. तो अभियंता, त्यामुळे उपायावर लगेच आला. “मग सोडा की बी आणून. लोणावळ्याला महसीरचं करतातच ना?” करतात. वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरचं बीज, म्हणजे सोडायची पिल्लं, तयार होतं आणि देशभर जातं, त्यात आपला खडसही. पण तोच खडस कावेरीत सोडला गेला आणि तिथल्या कुबडाच्या महसीरला भारी पडला. तिथला मूळ मासा कुठल्या जातीचा, हे नक्की व्हायला २०१८ उजाडलं, आणि तोवर तो नष्टप्राय म्हणून गणला जायच्या वाटेवर होता. एका नदीतला भूमिपुत्र दुसऱ्या नदीत घुसखोर ठरतो. मासा सोडणं सोपं आहे म्हणून लोकांना ते आवडतं. फोटोही चांगला येतो.

शहरात नदीकाठ सुधारणेचं जे काम चाललंय ते ४४ किलोमीटर काठाचं आहे. चालायला वाट, बसायला पायऱ्या, वगैरे. मी त्या नकाशांत खडक शोधतो. पात्रातला खडक, पायरीवरचा फरसबंद दगड नव्हे. गूंचसाठी आता उशीर झालाय असंच मला वाटतं, त्याला लागणारा खळाळ धरणांच्या खाली बारमाही परत येणार नाही. शिंगाळ्याचं तसं नाही. तो संथ पाण्यात राहतो, गढूळ चालवून घेतो, आणि शंभर किलोमीटरच्या आत, उजनीत, आजही आहे. रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते, तिथून वर पुण्याकडे यायला त्याला कुणी आणून सोडायची गरज नाही. वाटेत बंधारे आहेत, पण कोल्हापुरी बंधाऱ्यांचे ढापे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, पावसाळ्यात काढलेले असतात, विसर्ग सुटलेला असतो, पाण्यात प्राणवायूही असतो. जुलै-ऑगस्टात ही वाट त्याला जमण्यातली आहे. अडचण ऑक्टोबरपासून पुढची आहे, ढापे बसतात आणि नदीत फक्त शहराचं पाणी उरतं तेव्हाची.